चाललंय म्हणजे समाधानी

ऑफिसात तिला पाठीमागे 'किसणी' म्हणत. कुणाचाही अहवाल हातात पडला की ती असा किसून काढायची की मागे नुसता चोथा उरायचा. तोंडावर मात्र सगळे मॅडम, मॅडम करत, कारण काम तिलाच येत होतं. कंपनीचा धंदा म्हणाल तर लोकांचं भलं किती झालं ते मोजून देण्याचा. श्रीमंत संस्था गरिबांसाठी काहीतरी करणार आणि ते किती छान झालं हे सांगायला ह्यांना बोलावणार. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, एवढंच ते शास्त्र.

सुरुवातीला तिचा ह्या कामावर जीव होता, हे काही खोटं नाही. उन्हातान्हात दारं ठोठावत तिनं सर्वे केले. कुत्री मागे लागली, लोकांनी तोंडावर दारं आपटली, तरी ही आपली प्रश्न विचारतेच आहे. आपण लिहिलेलं वरच्यांपैकी कुणीतरी वाचेल आणि नळाला पाणी येईल, असं तिला खरोखर वाटायचं. आता तिला काचेची केबिन होती आणि भागीदार करून घेण्याचं बोलणं चालू होतं. पण त्या केबिनीत बसून बसून तिला ह्या सगळ्याची शिसारी यायला लागली होती. गरिबीवर चर्चा, तीही थंडगार हॉलमध्ये, बशीत महागडी बिस्किटं, आणि 'समुदायाचा आवाज' म्हणत माना डोलावणारी माणसं. समुदायातलं एक कुत्रंही त्या हॉलच्या आसपास नाही. शी!

आई मात्र अजून नदीपलीकडच्या जुन्या वस्तीतच राहत होती. "तुझ्या त्या उंच बिल्डिंगीत माझा जीव गुदमरतो," म्हणायची. साखरेच्या आजारानं तिच्या टाचेला जखम झाली होती, ती काही भरेना. वस्तीतल्या लहानशा दवाखान्यात नर्सबाई एक दिवसाआड ड्रेसिंग करायच्या, म्हणून तो पाय टिकून होता. ऑफिसात ह्यातलं कुणालाच माहीत नव्हतं. वस्तीतली पोर म्हटलं की लोकांची नजर बदलते, म्हणून तिनंच कधी सांगितलं नव्हतं.

आणि नेमकं त्याच वस्तीचं काम कंपनीकडे आलं. एका फाउंडेशननं तिथं स्क्रीनवरचा डॉक्टर सुरू केला होता. लोक त्यावर खूश असतील तर आपल्याच पैशावर चालणारा तो दवाखाना बंद करायचा आणि सगळा पैसा स्क्रीनवर लावायचा, असं ठरत होतं. सर्वे झाला. शंभरातले ऐंशी लोक समाधानी निघाले. किसणीची भुवई चढली. फुकटच्या जेवणावरही इतकी माणसं खूश होत नाहीत!

तिनं मुलाखतींची रेकॉर्डिंग्ज लावली. सर्वेवाली पोरगी विचारते, "स्क्रीनवरच्या डॉक्टरचं कसं काय?" उत्तर येतं, "चाललंय." पुढचा म्हणतो, "चाललंय की." तिसरी उसासा टाकून, "चाललंय आपलं." आणि खूण दर वेळी 'समाधानी'वर. किसणीनं कपाळावर हात मारला. अरे गाढवांनो, घरातलं माणूस गेलं तरी लोक चार दिवसांनी 'चाललंय'च म्हणतात!

तेवढ्यात पुढचा आवाज आला. "चाललंय बाई. मरण येत नाही तोवर चालायचंच."

आई होती. खूण, समाधानी.

संध्याकाळी ती वस्तीत गेली. "आई, त्या पोरीला खरं का नाही सांगितलंस?"

"दारात आलेल्या लेकराला काय रडगाणं ऐकवायचं?" आई म्हणाली. "तो मेला डॉक्टर म्हणतो, आजी, टाच वर करा, दिसत नाही. आता ह्या वयात मी काय डोंबाऱ्याचा खेळ करू? पण ती पोर तुझ्या कंपनीची म्हणाली. म्हटलं, उगाच तुझं नाव कशाला खराब."

किसणी दुसऱ्या दिवशी तडक साहेबांकडे गेली. साहेब म्हणजे कंपनीचे मालक. ते हसले. "तक्रार नाही म्हणजे समाधान. सर्वेवाल्यांना मीच तसं सांगितलं होतं. तू शब्दाचा कीस काढू नकोस."

पण तिनं काढलाच. फाउंडेशनच्या लोकांपुढे अहवाल मांडायच्या दिवशी तिनं स्लाइड बाजूला ठेवली आणि रेकॉर्डिंग्ज ऐकवली, आईचं तेवढं सोडून. मग स्वच्छ सांगितलं, "हे समाधान नाही. हा नाइलाज आहे. दवाखाना बंद करू नका." साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं.

फाउंडेशनच्या बाईंनी चष्मा काढून डोळे टिपले. "किती सुंदर! एका शब्दात केवढं दडलंय! ह्यावर तर वेगळा अभ्यास व्हायला हवा."

साहेबांच्या जिवात जीव आला. "करू की! दवाखाना बंद व्हायच्या आधी लोक 'चाललंय' कसं म्हणतात आणि नंतर कसं म्हणतात, ते मोजू. हीच करेल, आमची भागीदार म्हणून."

"म्हणजे दवाखाना बंद होणारच?" किसणीनं विचारलं.

"अगं," साहेब म्हणाले, "बंद नाही केला तर तुलना कशाशी करायची?"

तिला त्या सगळ्यांची किळस आली. जे ओरडून सांगितलं तेच ह्यांनी विकायला काढलं होतं, तिच्या डोळ्यांदेखत. "माझी आई राहते त्या वस्तीत," ती म्हणाली. "त्या दवाखान्याच्या जिवावर तिचा पाय आहे."

साहेबांचा चेहरा खुलला. "मग आधी नाही का सांगायचंस? उत्तम झालं! आईपासूनच सुरुवात करू."

"माझ्या आईच्या दारात पाऊल टाकलंत," ती उठत म्हणाली, "तर तंगडं मोडून हातात देईन."

बिस्किटाकडे गेलेला बाईंचा हात तिथल्या तिथे राहिला. किसणी पर्स उचलून निघून गेली ती गेलीच. अभ्यास काही अडला नाही, दुसरी कुणीतरी मिळाली. महिनाअखेरीस दवाखान्याला कुलूप लागलं. जाण्याआधी नर्सबाईंनी किसणीला ड्रेसिंग शिकवलं. आता एक दिवसाआड तीच आईची टाच मांडीवर घेऊन बसते. पू निघतो, वास येतो. "किळस नाही का गं येत तुला?" आई विचारते.

"ह्याची?" ती म्हणते, आणि कापूस मागते.