पाऊण इंचाची पिन

धाकटा भाऊ आणि मी सात वर्षे एकाच शेडमध्ये लेथ चालवत होतो. कामे बहुतेक राइस मिलची: शाफ्ट, बुश, पुली. आमची एक सवय होती. काम घेताना माप दाराच्या आतल्या बाजूला खडूने लिहायचे आणि काम गेल्यावर पुसायचे. भाऊ लिहायचा, पण पुसायला विसरायचा. म्हणूनच हे घडले.

दोन हजार सालानंतर तीन-चार वर्षांनी, हिवाळ्यात, दुसऱ्या महायुद्धातले एक इंग्रजी विमान गोंदियाजवळच्या जुन्या धावपट्टीवर उतरले. दुहेरी पंखांचे, कापड ताणून बसवलेले. पुढे-मागे दोनच जागा. साठीचा मालक ते स्वतः दुरुस्त करायचा आणि स्वतःच देशभर उडवायचा. उतरताना डाव्या चाकाचा पाय डगमगला. सांध्यातला पितळी बुश, म्हणजे पिन ज्यात फिरते ती नळी, झिजला होता. एका मिलवाल्याने त्याला आमच्याकडे पाठवले. मी तेव्हा एका लग्नासाठी चिचगडला गेलो होतो. भावाने एका दिवसात बुश करून दिला. मालक खूश झाला आणि म्हणाला, परवा सकाळी तुला पुढच्या सीटवर बसवून एक चक्कर मारतो.

हे सगळे भावाने मला फोनवर सांगितले होते, माप तेवढे सांगितले नव्हते. त्या सकाळी मी चिचगडहून परतलो. शेड उघडली तर दारावर लिहिलेले: विमान, १८.८६.

मी ते दोनदा वाचले. इंग्रजांचे यंत्र इंचात असते. पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिलिमीटर. १८.८६ची पिन कोणी बनवत नाही. ती पाऊण इंचाची पिन घासून १८.८६ झाली होती, आणि भावाने तिच्याच मापाचा बुश करून तीच पिन परत बसवली होती. फरक एकोणीस शतांश मिलिमीटर. मायक्रोमीटर खिशात टाकला आणि स्कूटर काढली.

धावपट्टीवर भावाची सासरवाडी जीप भरून आली होती. सासऱ्यांच्या हातात हार होता. भाऊ पुढच्या सीटवर, कानावर चामडी टोपी.

"दादा! तू कायले आला? बाजूले उभा राह्य अन् पाह्य!"

"खाली उतर. पिन काढा लागते."

"काऊन?"

मी मालकाकडे वळलो. त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिले.

"सुबह से सौ लोग सलाह दे चुके हैं। आप एक सौ एकवें।"

"उन सौ में से नापा किसने?" मी विचारले.

सासरे मागून सर्वांना ऐकू जाईल असे म्हणाले, "जावई उडून राहिला तर मोठ्या भावाच्या पोटात दुखून राहिलं."

जीपमधले सगळे हसले. मालक हसला नाही. त्याने जॅक लावला आणि तणतणत पिन काढली. मी ती चार ठिकाणी मोजली. कुठेच १८.८६च्या वर नव्हती. त्याने सामानातून पुस्तक काढले. नवी पिन पाऊण इंच, झीज चालेल ती तीन हजारांश इंचापर्यंत. आमची साडेसात हजारांश झिजली होती. त्याने पुस्तक खाडकन मिटले. ते आधी उघडायला हवे होते, हे त्यालाही कळले असावे. म्हणूनच तो माझ्यावर जास्त चिडला.

"आज कोई नहीं उड़ेगा। जाइए सब।"

भाऊ उतरला. टोपी काढताना पट्टा कानाला अडकला, तो त्याने ओढूनच काढला.

"मिलमंदी पिन घासली का तिच्याच मापाचा बुश कर, हे कोणं शिकवलं मले?"

"मीच."

"मंग?"

"मिल जमिनीवर असते."

"घरी सांगता येत नव्हतं? यायच्यासमोरच सांगा लागत होतं?"

घरी सांगायला वेळ नव्हता, हे खरे. पण त्याला चार पावले बाजूला घ्यायलाही वेळ नव्हता, असे मी म्हणू शकत नाही. हार सासऱ्यांनी जीपच्या बोनेटवर टाकला आणि सगळे निघून गेले. भाऊही त्यांच्याच जीपमध्ये बसला.

तीन आठवड्यांनी मालकाने मागवलेली नवी पिन आली. तिचा बुश मी केला. विमान उडाले. पुढची सीट रिकामी होती. भाऊ आला नाही. महिन्याभरात त्याने आपला लेथ वेगळ्या शेडमध्ये हलवला.

जुनी पिन मालकाने माझ्या टेबलावर ठेवली होती. पुढच्या दिवाळीत भाऊ त्यानंतर पहिल्यांदा शेडमध्ये आला. रामराम नाही, काही नाही. पिन उचलली, वाइसच्या जबड्यात आवळली आणि घण घेऊन मारत सुटला. मी मोजले: अकरा घाव. मग वाइस सैल करून पिन माझ्यासमोर आपटली.

"पाह्य. तुटली?"

"नाही."

"मंग?"

पिन वाकली होती. चाकाच्या सांध्यात पिन तुटायची गरज नसते, एवढी वाकली तरी पुरते. हे मला सांगता आले असते. दारात त्याचे सासरे उभे होते.

मी पिन उचलून टेबलाच्या खणात ठेवली. तो घण तिथेच टाकून निघून गेला.