खुशी द्या, दादा

अंबडच्या बाळंतपणाच्या दवाखान्यात द्वारकाबाई अन् मी बराबरच कामाला लागलो. फरशी पुसायची, चादरी बदलायच्या, अन् बाळ झालं की दुपट्यात गुंडाळून बाहेर नातेवाइकांना दाखवायचं. दाखवताना ठरलेलं बोलायचं, "खुशी द्या, दादा." आमचं नावच मावशी. पगार वाढवा म्हटलं की डॉक्टरसाहेब म्हणणार, "तुम्हाला खुशी मिळतेच की!" आता सांगा, आम्ही कामाला कुणाच्या? डॉक्टरच्या का बाळाच्या आज्याच्या? पोरगा झाला की लोकांचा हात मोकळा सुटतो, पोरगी झाली की खिसा चाचपतात. रक्त मात्र मायबाई तितकंच पुसावं लागतं.

द्वारकाबाईची लेक साक्षी मंठ्याला दिलेली. लग्नात तिचा सासरा सर्जेराव चारचौघांत बोलला, "दवाखान्यात मागून खाणारीची पोरगी केली आम्ही." तवापासून द्वारकाबाईच्या डोक्यात एकच बसलं. साक्षीचं बाळ आपणच बाहेर न्यायचं, पण आजी म्हणून. मावशी म्हणून बिलकुल न्हाई.

साक्षी बाळंतपणाला आमच्याच दवाखान्यात आली. द्वारकाबाईनं सुट्टी मागितली, न्हाई भेटली. मंग ती नवी साडी पिशवीत घालून आल्ती. म्हणाली, "बाळ झालं की ही नेसंन अन् पेढे मीच वाटंन."

दुपारी साक्षीला पोरगी झाली. दुसरी बाई टेबलावर घ्यायची होती. सिस्टर वरडून राह्यली, "मावशी, जल्दी बाळ दाखवून या!" साडी पिशवीतच राह्यली. द्वारकाबाई बाळ घेऊन निघाली, पेढ्याचा पुडा घेऊन मी मागं. बाकावर सर्जेराव बसलेला. तिनं दुपटं बाजूला केलं, बाळाचं तोंड दाखवलं, अन् तिच्या तोंडून निघून गेलं, "खुशी द्या, दादा."

मेली जीभ! मी पेढ्याचा पुडा पदराखाली घेतला.

सर्जेराव हसला न्हाई, रागावला न्हाई. खिशातून दहाची नोट काढून त्यानं दुपट्यावर ठेवली. "पोरगीच हाय न," म्हणाला.

मला वाटलं, आता ही नोट फेकून देती, न्हाई तर रडती. काहीच न्हाई. नोट कमरेला खोचून ती आत आली, बाळ साक्षीच्या कुशीत ठेवलं.

"आई, मामा काय म्हणाले?" साक्षीनं सासऱ्याचं विचारलं.

"खुश झाले," द्वारकाबाई म्हणाली, अन् टेबलाखालची फरशी पुसायला बसली.