हद्दीची साक्ष

लिंडरोडचा गेरुंग गावाची डुकरं राखायचा. गाव थेट राजाचं. मधे ना सरदार ना मठ, आणि गावाला त्याची कोण मिजास! पानगळीत ओकची फळं पडली की गेरुंग सगळी डुकरं राजाच्या रानात घालायचा.

त्या रानावर शेजारच्या मठाने हक्क सांगितला. बरीच वर्षं गादीवर धड राजा नव्हता, ज्याला जमेल त्याने राजाची जमीन लाटली होती. आता नव्या राजाचा अधिकारी चौकशीला येणार होता, आणि जुनी हद्द ठाऊक असलेला गेरुंग एकटाच उरला होता.

आठवडाभर आधी मठाचा कोठारी त्याच्या दारात आला. “तुझी लेक हिल्ट्रुड आमच्या गिरणीवाल्याच्या पोराला पसंत आहे म्हणे. पण राजाची रयत मठाच्या घरात द्यायची तर मठपतींची परवानगी लागते.”

“मिळेल ना, महाराज?”

“तुला काय आठवतं, त्यावर आहे.”

चौकशीच्या दिवशी संताच्या अस्थींवर हात ठेवून गेरुंग शपथेवर म्हणाला, “रान मठाचं. माझा बापही तेच सांगायचा.” बाप तर त्याला लहानपणी एकेका हद्दीच्या दगडापाशी नेऊन ‘रान राजाचं’ म्हणत कानाखाली वाजवायचा, जन्मभर विसरू नये म्हणून.

लग्न झालं. पानगळीत मठाच्या माणसांनी रानाची वाट अडवली. चाऱ्यावाचून लोकांनी अर्धी डुकरं वेळेआधीच कापली. विहिरीवर इर्मेल म्हातारी सगळ्यांदेखत म्हणाली, “काय रे गेरुंग, गिरणीचं पीठ पचतंय ना?”

तो लेकीकडे गेला. ती कणीक तिंबत होती.

“आबा, खरं सांगा. रान कुणाचं?”

तो दाराकडे वळला.

“मला विचारायचं तरी! मला कुठं गिरणीची हौस होती? तुमच्या मनात आहे म्हणून मी हो म्हटलं.”

दुसऱ्या दिवशी तो निघाला आणि तीन दिवस चालून अधिकाऱ्याच्या कचेरीत पोचला. त्याचं ऐकून तिथला कारकून हळू आवाजात म्हणाला, “म्हाताऱ्या, खोटी शपथ कबूल केलीस तर हात तोडतील. आणि निकालावर राजाचा शिक्का बसलाय, रान काही परत यायचं नाही. जा घरी.”

गेरुंग बराच वेळ दारात उभा राहिला. मग परतला. हिल्ट्रुडला म्हणाला, “साहेब भेटलेच नाहीत.”

पुढल्या वर्षी मठाने आपली डुकरं राखायला त्यालाच ठेवलं. त्याच रानात. लिंडरोडचं कुणी वाटेने येताना दिसलं, की तो झाडाआड व्हायचा.