आमचं आम्हीच लिहिलं

"आधी शुद्ध लिहायला शिका. मग मागण्या करा."

प्राचार्यांनी आमचं निवेदन टेबलावरून परत सरकवलं. निवेदन म्हणजे सगळ्यांनी सह्या करून दिलेली मागणी. जागोजागी लाल गोल होते. मागणी काय, ते सरांनी वाचलंच नव्हतं. चुका मात्र एकूणएक वाचल्या होत्या.

आज मी विद्यार्थ्यांच्या एका संघटनेसाठी पत्रकं लिहिते, नव्या पोरापोरींना लिहायला शिकवते. तेव्हा बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. संघटनेनं माझ्यावर सोपवलेलं हे पहिलंच काम.

मागणी साधी होती. सेनगावच्या रस्त्यावर पुलाचं काम निघालं होतं, त्यामुळे सकाळची गाडी लांबच्या फेऱ्यानं यायची. तांड्यावरच्या आणि आमच्या भीमनगरातल्या मुलींचा पहिला तास रोज बुडायचा. हजेरी कमी भरली म्हणून आम्हाला परीक्षेला बसू देणार नव्हते. आमच्यासाठी तो तास उशिरा घ्या आणि परीक्षेला बसू द्या, एवढंच म्हणणं होतं. माझी वर्गमैत्रीण कविता राठोड तांड्यावरची. तिच्या घरी तर सरळ सांगितलं होतं, परीक्षा हुकली की कॉलेज बंद आणि लग्न.

"मराठीच्या सरांकडून लिहून घेऊ," एक मुलगी म्हणाली.

कविता भडकली. "काहून? तकलीफ आपली अन् लिहायचं सरांनी? मग सहीबी त्यांचीच घ्या!"

मलाही राग आलाच होता. बोलतो तसं 'आमी', 'न्हाई' लिहिलं म्हणून आमचं डोकं कमी होत नाही. घरात पहिल्यांदाच कॉलेजला आलेल्या पोरींना चुकांवरून हाकलायचं, याला मी शिक्षण म्हणत नाही. पण राग छापून वाटता येत नाही. काम करावं लागतं.

थांब्यावरच्या शेडमध्ये गाडीची वाट बघण्यात रोज वेळ जायचाच. त्याच शेडमध्ये आम्ही वर्ग भरवला. शब्दकोश लायब्ररीबाहेर नेऊ देत नव्हते. मोबाईलवर पानांचे फोटो काढले. नियम एकच: नवा शब्द शिकला की तो आपल्याच अडचणीबद्दलच्या वाक्यात वापरायचा.

"विलंब म्हंजे उशीरच ना?" कविता म्हणाली. "मग उशीर काय वाईट हाय?"

"वाईट न्हाई. पण आपल्यापाशी दोन्ही पाहिजेत. कुठला कधी वापरायचा, ते आपण ठरवू."

"शाणी झाली लई!"

पत्रकाचं प्रूफ तपासायची, म्हणजे छापण्याआधी चुका शोधायची, एक रीत मी संघटनेत शिकले होते. शेवटच्या शब्दापासून उलटं वाचत यायचं. सरळ वाचलं की डोळा अर्थामागे पळतो आणि चूक मागे राहते. आम्ही सगळ्या बाकावर बसून उलटं वाचायचो. शेजारी जीपवाले हसायचे. "पोरींनो, मंत्र म्हणून राहिल्या का?"

"व्हय, गाडी लवकर यावी म्हणून!" कविता ओरडायची.

निवेदन पुन्हा लिहिलं. कविता आणि मी पुन्हा प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेलो. सरांनी लाल पेन काढला. एक पान झालं, दुसरं झालं. पेन टेकलाच नाही. मला वाटलं, जिंकलो.

सरांनी मान वर केली. "कुणी लिहून दिलं?"

"आम्हीच लिहिलं, सर."

"खोटं बोलू नका. मागचं मी बघितलंय."

म्हणजे चुकलं तर अडाणी, आणि बरोबर आलं तर लबाड! माझ्या तोंडात पत्रकातली सगळी वाक्यं गोळा झाली होती. मी बोलायच्या आत कविता पुढे झाली.

"कागद द्या, सर. इथंच लिहिते."

सरांनी कोरा कागद पुढे केला. बसायला सांगितलं नाही. ती टेबलाशी वाकून उभ्यानंच लिहायला लागली. निवेदन पाठ होतं, पण ते उतरवलं नाही. तिची सकाळ लिहिली. अंधारात उठून पाणी भरणं, भाकरी करणं, शेडमध्ये थांबणं, आणि वर्गाच्या बंद दारापाशी येणं. मग उलटं वाचून काढलं. सर बघतच होते.

सरांनी कागद घेतला. एक लाल गोल पडला. कवितानं पेन मागितला, शब्द दुरुस्त केला आणि कागद परत दिला. मग मात्र सरांनी शेवटपर्यंत वाचलं.

"पुलाचं काम कधीपासून चालू आहे?" त्यांनी विचारलं.

मागणीबद्दलचा तो त्यांचा पहिला प्रश्न. केबिनबाहेर पडलो तेव्हा पुलापलीकडून येणाऱ्या मुलींसाठी पहिला तास दुपारी घ्यायचं ठरलं होतं. बुडालेल्या तासांची हजेरीही दुपारीच जादा तास घेऊन भरून निघणार होती. माफी कुणी मागितली नाही. कविता परीक्षेला बसली आणि पास झाली. पुढच्या वर्षाला नावही तिनं स्वतः जाऊन घातलं.

नव्या पोरांना मी पहिल्याच दिवशी सांगते, शुद्ध लिहिलं म्हणून कुणी आपली मागणी मान्य करत नाही. त्याला ती वाचावी लागते, एवढंच. पुढचं भांडण आपल्यालाच भांडायचं असतं.