‘हाय’चं ‘आहे’ करताना

आमच्या घरात वर्ड मला येतं.

हे मी स्वतःहून कधी म्हणालो नव्हतो, लोकच म्हणायला लागले. राजारामपुरीतल्या आमच्या अपार्टमेंटमध्ये पाण्याच्या वेळेची नोटीस मी एकदा टाईप केली, भोवती चौकट काढली, ‘सूचना’ हा शब्द ठळक केला आणि जिन्यात लावली. तेव्हापासून कुणाचं काही टाईप करायचं असलं की, “दुसऱ्या मजल्यावर जावा, पाटलांना वर्ड येतं,” असं सांगायची पद्धत पडली. मीही नाकारलं नाही. फुकट नाव मिळतंय तर नको कशाला म्हणायचं?

माझी बायको विजया कॉलेजात मराठी शिकवते. पीएच.डी.चा प्रबंध द्यायच्या आधी तिचे दोन शोधनिबंध छापून यायला हवे होते. एक आला होता. दुसरा त्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत संपादकांना मेल करायचा होता. पाच चुकले तर निबंध पुढच्या वर्षीच्या अंकात, आणि प्रबंधही पुढच्या वर्षी. सहा वर्षं ती कॉलेज आणि घर सांभाळून हे ओढत होती. आणखी एक वर्ष म्हटलं असतं तर तिनं ते सगळं माळ्यावर टाकलं असतं आणि बहुतेक मलाही.

निबंध होता घरगुती बोलण्यातल्या कोल्हापुरी बोलीवर. त्यातली निम्मी उदाहरणं माझ्या आईची. आई कुरुंदवाडची, आम्ही तिला अव्वा म्हणतो. निबंधात ती ‘माहितीदाता क्र. १ : स्त्री, वय अठ्ठ्याहत्तर’ होती, पण अख्ख्या अपार्टमेंटला तिनं “सुनंनं माझ्यावर पुस्तक लिवलंय” असं सांगून ठेवलं होतं.

टायपिंग अर्थातच माझं. मला टाईप करताना पुटपुटायची सवय आहे. विजयाच्या वहीत ‘आहे’ असायचं, माझ्या तोंडात ‘हाय’ यायचं आणि बोट तोंडाचं ऐकायचं. तिच्या मार्गदर्शक मॅडमनी छापील प्रत तपासून दिली तेव्हा तिच्यावर लाल गोलच गोल होते. पहिलंच वाक्य होतं, ‘प्रस्तुत निबंधाचे उद्दिष्ट मर्यादित हाय.’ शेजारी मॅडमनी लिहिलं होतं, ‘हे कोण बोलतंय?’

विजयाला दुपारी परीक्षेवर पर्यवेक्षण होतं. मी अर्धी रजा काढून घरी आलो.

“अहो, लाल गोल केलेत तेवढेच ‘हाय’ बदला,” ती चप्पल घालताना म्हणाली. “एकेक बघून. आणि पानांचा समास सगळीकडे सारखा करा. मी साडेतीनला येते, मग पाठवू.”

“जा तू निवांत.”

“एकेक बघून हं.”

समास पाच मिनिटांत झाले. लाल गोल मोजले तर सव्वीस. आता ज्याला वर्ड येतं तो एकेक बघत बसतो होय? मी ‘फाइंड’च्या चौकटीत ‘हाय’ घातलं, ‘रिप्लेस’च्या चौकटीत ‘आहे’ घातलं आणि ‘रिप्लेस ऑल’ दाबलं. डोळ्याचं पातं लवायच्या आत उत्तर आलं : एकशे त्रेचाळीस बदल पूर्ण.

लाल गोल तर सव्वीसच होते. म्हणजे मॅडमच्या नजरेतून एकशे सतरा सुटले की! मला मॅडमची दयाच आली.

बारीकसारीक कुरकुर झाली, नाही असं नाही. विजयाच्या नावाखाली ‘सहाय्यक प्राध्यापक’ होतं, त्याच्या पोटातला ‘हाय’सुद्धा बदलला गेला होता. तिथं आता ‘सआहे’ एवढंच वाचता येत होतं, पुढं नुसती टिंबं. ते हातानं नीट केलं. ‘न्हाय’चं काहीतरी भलतंच झालं होतं, त्याचं सगळीकडे ‘नाही’ केलं. हात लागलाच आहे तर ‘व्हय’चंही ‘हो’ करून टाकलं. मग सेव्ह केलं आणि फाईल बंद केली. (काम झालं की सेव्ह करून फाईल बंद करावी, ही एकच शिस्त मला सरकारी नोकरीत लागली. ती नेमकी त्या दिवशी आडवी आली.)

अव्वा शेजारी लसूण सोलत बसली होती.

“झालं व्हय रं?”

“झालं की.”

“माझं काय लिवलंय ते वाच बघू.”

मी फाईल उघडून मोठ्यानं वाचलं, “उदाहरण एक. ‘घरात कोन आहे का नाही? हो म्हनाय तोंड नाही काय?’”

अव्वानं लसूण खाली ठेवला. “ही कोण बाई?”

“तूच की.”

“मी? मी कवा ‘आहे’ म्हटलं? जलमात न्हाय. मला पुण्याची केलास व्हय रं?”

तेव्हा मी पहिल्यांदा निबंध वाचला. (टाईप करणं वेगळं, वाचणं वेगळं.) तिसऱ्या पानावर विजयाचा मुख्य मुद्दा होता : ‘या परिसरात “आहे” ऐवजी सर्रास “आहे” असे म्हटले जाते. तसेच “नाही” या रूपाची जागा “नाही” या रूपाने घेतली आहे.’ पुढची नऊ पानं ती हेच उदाहरणांसकट सिद्ध करत होती.

बदल मागे घ्यायचा बाण दाबला, तर फाईल बंद करून उघडल्यामुळे तो विझलेला. फाईलची जुनी प्रत नव्हती, कारण मी सगळं त्याच फाईलवर सेव्ह करत आलो होतो. घड्याळात तीन वाजले होते. मी विचार केला, आलो त्याच वाटेनं परत जावं. ‘आहे’चं ‘हाय’ केलं, ‘नाही’चं ‘न्हाय’ केलं, ‘हो’चं ‘व्हय’ केलं. सगळीकडे.

आता अव्वाची वाक्यं परत आली, पण विजयाची गेली. ‘प्रस्तुत संशोधनाच्या मर्यादा पुढीलप्रमाणे हायत,’ असं निबंध सांगू लागला. ‘या निष्कर्षास लिखित आधार उपलब्ध न्हाय.’ ‘होते’ होतं तिथं सगळीकडे ‘व्हयते’ झालं होतं. फाईलच्या सुरुवातीलाच संपादकांना लिहिलेल्या पत्रातल्या ‘महोदय’चं ‘मव्हयदय’ झालं होतं. घाबरून उठलो तो चहाचा कप कलंडला आणि मॅडमनी तपासलेल्या छापील प्रतीचं शेवटचं पान भिजून त्याचा लगदा झाला.

इतक्यात विजया आली. तिनं पडद्यावरची दोन पानं उभ्यानंच वाचली.

“अहो, हे काय?”

“म्या कायबी केल्यालं न्हाय,” मी म्हणालो. “म्या निस्तं बटन दाबलं. म्होरलं समदं त्येनंच केलं.”

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाली, “परत म्हणा.”

मी परत म्हणालो. जास्तच घाबरून.

ती खुर्चीवर बसली. मी उरलेली छापील प्रत हातात घेऊन एकेक वाक्य वाचायचं आणि अव्वानं निकाल द्यायचा, असं ठरलं. “ह्ये माझं.” “ह्ये तिचं.” “ह्ये बी तिचं, मी आसं कशाला बोलू?” अव्वाचं असेल तिथं ‘हाय’, विजयाचं असेल तिथं ‘आहे’. एकेक बघून. लगदा झालेल्या पानावर पोचलो तेव्हा पाचला दहा कमी होते. तिथला निष्कर्ष विजयाला पाठ होता : शिकलेला माणूस गडबडला की घरच्या बोलीवर येतो. पण त्याखालच्या उदाहरणात एकच माणूस आधी ‘आहे’ आणि मग ‘हाय’ म्हणत होता; पडद्यावर सगळंच ‘हाय’ झालेलं, वही मॅडमकडे, आणि मूळचं कुठं काय होतं ते काही केल्या तिला आठवेना, मला आठवेना. ते अव्वाचं नव्हतं, त्यामुळे अव्वानं हात वर केले.

विजयानं माझ्याकडे एकदा बघितलं. मग तिनं भराभर काहीतरी टाईप केलं. मी बघायला वाकलो तर म्हणाली, “तुम्ही तिकडं बसा.” पाचला चार कमी असताना मेल गेला.

निबंध छापून आला. प्रबंधही वेळेत गेला, आता दारावर ‘डॉ.’ची पाटी आहे. (ती मी टाईप केलेली नाही. मला कुणी विचारलं नाही.) तज्ज्ञांचा अभिप्राय आला, की शेवटचं उदाहरण पूर्ण निबंधात सर्वांत अस्सल आहे. मी अंक मागून घेतला आणि शेवटचं पान काढलं. माझी ती तीन वाक्यं तिथं जशीच्या तशी होती, आणि खाली लिहिलं होतं :

‘माहितीदाता क्र. ९ : पुरुष, वय बावन्न, पदवीधर. वर्ड येते.’