सेकंडला येणारा राग

मंगळवारी दुपारी आई गेली. मी कोल्हापूरला विद्यापीठाच्या ग्रंथालयात होते. शेजारच्या काकूंचा फोन आला. मी कऱ्हाडला पोचले तेव्हा दारात माणसं उभी होती.

दिवसकार्य उरकल्यावर पाहुणे गेले आणि घरात मी राहिले. एम.ए.च्या प्रबंधाचं काम अर्धवट होतं. विषय होता, वर्गात हाताबाहेर जाणारी किशोरवयीन मुलं. मार्गदर्शक बाई म्हणाल्या, मुदत वाढवून घे. पण चाकणच्या एका शाळेची परवानगी हातात होती आणि घरात बसून करण्यासारखं काही नव्हतं. कुलूप लावलं आणि एसटीत बसले.

स्वारगेटहून मेट्रोने पिंपरी, तिथून रिक्षाने काळेवाडी. माझी खोली पिठाच्या गिरणीवर होती. गिरणी चालू असली की फरशीतून कंप पायात चढायचा, आणि ती बंद झाली की खोली फारच गप्प व्हायची. घरमालकीणबाईंनी विचारलं, "एकट्याच का? घरी कोण असतं?"

"आई असते, कऱ्हाडला," मी म्हणाले. वाक्यातला काळ चुकला होता. दुरुस्त केला नाही.

सकाळी भोसरीहून चाकणची बस धरली. मोशीला इंद्रायणीवर जलपर्णीचा हिरवा थर होता आणि त्यावरून बगळे चालत होते. पूल ओलांडला आणि बस थांबली ती थांबलीच. पुढे कंटेनर, मागे कंटेनर, मधून दुचाक्या.

"कंपनी कुठली, मॅडम?" कंडक्टरने विचारलं.

"कंपनी नाही. शाळेत जायचंय."

"मग ह्या टायमाला कशाला निघायचं?"

मागून कुणीतरी म्हणालं, "बसा राव. पोचेस्तोवर शाळेची पोरं दहावी व्हतील."

सगळे हसले. मीही हसले, पण ज्याला हे सांगायचं ते माणूस घरी उरलं नव्हतं, हे लगेच ध्यानात आलं.

चाकणच्या चौकात कांद्याचे ट्रक उभे होते. गाडीवर पोहे खाल्ले आणि शाळेत गेले. मुख्याध्यापिका, त्यांना तिथे सगळे मोठ्या बाई म्हणतात, मला सरळ कार्यालयाच्या खिडकीपाशी घेऊन गेल्या. काचेच्या जागी पुठ्ठा लावलेला होता.

"नववीतली मुलगी. शाळा सुटली तरी घरी जात नाही. शिपाई फाटक लावायला गेला की अंगावर धावते. काल डबा फेकून ही काच फोडली. तुमचा अभ्यास काय सांगतो ते सांगा, नाहीतर मी शाळा सोडल्याचा दाखला देते."

त्या मुलीला मी इथे साक्षी म्हणते. ती माझ्यासमोर बसली ती खुर्चीच्या अगदी कडेवर.

"तुला राग केव्हा येतो?"

"सेकंडला."

"म्हणजे?"

"म्हंजे सेकंडला. फस्टला न्हाई येत." तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी मराठी नुकतीच शिकते आहे. मग उठून वर्गात गेली.

मला वाटलं, मला समजलं. कुणी पहिल्यांदा डिवचलं तर ही सोसते, दुसऱ्यांदा डिवचलं की भडकते. पुस्तकात याला जागा होती. मी मोठ्या बाईंना तसं सांगितलं. त्या ऐकून म्हणाल्या, "काचही दुसरीच आहे ही. म्हणजे आता असंच चालणार. दाखला तयार करायला सांगते. सोमवारी तिच्या आईला बोलावते."

परतीच्या बसमध्ये मी खिडकीला डोकं टेकून बसले. मदत करायला आले होते आणि दाखला देण्याचं कारणच पुरवून चालले होते.

सोमवारी साक्षीची आई शाळेत येऊन गेली. तिने आठवडाभराची मुदत मागून घेतली होती. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी तिच्या घरी गेले. पत्र्याच्या चाळीतली एक खोली. माणसं बीडकडची. वडील कंटेनर चालवतात, महिन्यातून एखादा दिवस घरी असतात. आई वायरिंगच्या कंपनीत. तिने मला भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी वाढली. साक्षी शेजारी बसून पापड भाजत होती, आणि हीच ती मुलगी यावर माझा विश्वास बसत नव्हता.

"ताई, दाखला देऊ नका म्हणावं," आई म्हणाली. "तिचे चुलते टपूनच हायेत. शाळा सुटली की गावाकडं नेतील अन् लगीन लावतील. माझं तिथं कोन ऐकतंय?"

"पुढच्या आठवड्यात मी पुन्हा येते. सविस्तर बोलू."

"पुढल्या आठवड्यात घरी कोन घावणार न्हाई. मी सेकंडला हाय."

माझा घास हातातच राहिला. "सेकंडला?"

"सेकंड शिफ्ट. दुपारी जायाचं, रात्री बारापस्तोर यायचं. एक आठवडा फस्ट, एक आठवडा सेकंड."

"मी तर पयल्याच दिवशी सांगितलं व्हतं यांना," साक्षी म्हणाली.

"मला वाटलं, पहिल्यांदा आणि दुसऱ्यांदा."

तिने पापड खाली ठेवला आणि ठसका लागेपर्यंत हसली. "आये, ह्यांना शिफ्टच म्हाईत न्हाई. अन् कॉलेज शिकतेत."

हसणं थांबल्यावर ती पापडाकडे बघत म्हणाली, "कुलूप काढून आत गेलं की कुकर, बादली, सगळं सकाळी ठिवलं तिथंच असतंय. लय वंगाळ वाटतंय."

ते कसं वाटतं, ते मला माहीत होतं.

साक्षीच्या आईला हे नवीन होतं. तिने गॅस बारीक केला. मग म्हणाली, "माझी रिलीवर हाय, शोभाताई. माझ्याच खुर्चीवर उरलेल्या शिफ्टला बसती. मी सेकंडला असले की ती फस्टला. मागच्याच गल्लीत ऱ्हाती. शाळा सुटली की ही तिच्याकडं जाईल, तिथंच जेवंल."

"मी काय लहान हाय का?" साक्षी म्हणाली.

"मोठी हायेस, म्हनून तर काचा फोडतीस."

मोठ्या बाईंपुढे मी माझी चूक सांगितली. त्या म्हणाल्या, "शाळा म्हणजे पाळणाघर नाही, बाई." मग पुठ्ठ्याकडे बघत बसल्या. "सोय तिची आई करत असेल, तर वार्षिक परीक्षेपर्यंत थांबते. पुन्हा काच फुटली तर मला विचारायला येऊ नका."

पुढचा आठवडा सेकंडचा होता. शाळा सुटली की मी फाटकाजवळच्या ओट्यावर बसायची. पहिल्या दिवशी साक्षी बराच वेळ आतच थांबली. शिपाई कुलूप हातात घेऊन उभा होता. शेवटी ती निघाली, जाताना फाटकाला एक लाथ मारून. बुधवारी तिने एका मुलीला दप्तर फेकून मारलं. शुक्रवारी माझ्यापाशी थांबून म्हणाली, "शोभाताईचं कालवण लय तिखट असतंय. पर ती बोलती जेवताना." आणि गेली. काच फुटली नाही.

काम संपलं तशी मी खोली सोडली. घरमालकीणबाई म्हणाल्या, "आईला नमस्कार सांगा." मी सांगितलं, आई वारली. त्यांनी मला आत बोलावून चहा दिला आणि आई कशी होती ते विचारलं. इतके दिवस मला तसं कुणी विचारलं नव्हतं, आणि मीही विचारू दिलं नव्हतं.

कऱ्हाडला संध्याकाळी पोचले. कुलूप काढलं. मी ठेवलं होतं, तिथेच सगळं होतं.

प्रबंधात मी लिहिलं आहे की मुलं आपल्या रागाचं कारण सांगतात, ऐकणाऱ्याला त्यांची भाषा यावी लागते. मार्गदर्शक बाईंनी त्या वाक्याला पुरावा मागितला आहे. साक्षी परीक्षेला बसली आणि आता दहावीत आहे. मी कऱ्हाडच्या घरात राहते, एकटी.