विजेशिवायचा साबण

गाळ्यातला छताचा पंखा मी स्वतः उतरवला, जुन्या चादरीत गुंडाळला आणि पोटमाळ्यावर टाकून दिला. पंख्यात काही बिघाड नव्हता. पण आमचा साबण विजेच्या मदतीशिवाय होतो, असं मी सरकारला सही करून लिहून दिलं होतं, आणि साबणाच्या वड्या पंख्याखाली वाळत होत्या. मग वीज लागली की नाही? कचेरीतल्या कारकुनाला मी हे विचारलंही होतं. तो हसला. "अहो, दिव्या-पंख्याने साबण होतो का? बिनधास्त लावा." उद्या दुसरा कोणी येईल आणि तो हसणार नाही, असं मला वाटलं. त्या दिवसापासून बायको चारकोपच्या त्या कोंदट गाळ्यात पंख्याविना साबण ढवळू लागली, आणि मी मोठी खबरदारी घेतल्याच्या तोऱ्यात फिरू लागलो.

साबण ही विद्या तिची. संपात माझी गिरणी गेली ती गेलीच. त्याच सुमारास मालाडला आमच्या चाळीजवळ महिला मंडळाने वर्ग काढला होता. खडू, फिनेल, कपड्यांचा साबण असं काय काय शिकवायचे. बाकीच्या बायका प्रमाणपत्रं घेऊन घरी गेल्या. हिने घरच्या बादलीत साबण करून पाहिला. मी तिची टिंगल केली, आणि सहा महिन्यांनी तोच साबण पिशवीत भरून दुकानं हिंडायला लागलो. मालाड, घाटकोपर, पार गोवंडीपर्यंत. लोक मला साबणवाला म्हणायचे. साबण करणारी वेगळीच आहे, हे मी कोणाला मुद्दाम सांगायला गेलो नाही.

हाताने माल काढणाऱ्या छोट्या धंद्यांना तेव्हा करात सूट मिळायची. अट एकच, विजेवर चालणारं काही वापरायचं नाही. ही सूट हाच आमचा सगळा धंदा होता. कंपनीची वडी गुळगुळीत, रंगीत कागदातली, रेडिओवर तिची जाहिरात. आमची पिवळी आणि ओबडधोबड. ती स्वस्त होती म्हणून खपायची, दुसरं काही कारण नाही. गोवंडीचा एक दुकानदार तर तोंडावर म्हणायचा, "भाऊ, सस्ता आहे म्हणून ठेवतो हा. भाव वाढला तर इकडे येऊ नको." मला राग यायचा, पण तो खोटं बोलत नव्हता.

साबण ढवळणं म्हणजे काय, हे ढवळल्याशिवाय कळत नाही. लोखंडी पिंपात तेल, त्यात कॉस्टिक सोड्याचं पाणी बारीक धारेने सोडायचं आणि लाकडी वल्ह्याने एकाच दिशेने ढवळत राहायचं. मिश्रण पिठल्यासारखं घट्ट होईपर्यंत हात थांबवायचा नाही. थांबला की तेल वर, पाणी खाली, आणि सगळा घाणा वाया. घट्ट होत आलं की वल्हं जड होत जातं. मी दोन-चारदा ढवळून पाहिलं, दोन-चारदा साबण फाटला. मग ती म्हणाली, "तुमी विकूक जावा. मी ढवळतंय." एक बाई पगारावर ठेवून पाहिली. कॉस्टिकचे शिंतोडे हातावर उडाले तशी तीही गेली.

शेजारच्या गाळ्यात माझा गिरणीतला एक दोस्त प्लास्टिकची बटणं काढायचा. एक दिवस तो आमच्या दारात उभा राहिला, बायकोकडे बघितलं आणि मला म्हणाला, "अरे, माझ्याकडे अर्ध्या हॉर्सपॉवरची जुनी मोटार पडलीय. वल्ह्याला पट्टा लावू, झकास फिरेल. वहिनीच्या हाताकडे बघ ना जरा."

"आणि सूट गेली तर? वाट लागेल माझी."

"तू आणि तुझी सूट! बघ बाबा."

तो गेल्यावर बायको ढवळता ढवळता म्हणाली, "मोटार नुसती बघूक काय हरकत आसा?" मी तिच्यावर खेकसलो. धंदा बुडवायचाय का, असं काहीतरी बोललो. तिने पुन्हा मोटारीचं नाव काढलं नाही. मला तेव्हा ते बरंच वाटलं.

वर्षभरात तिचा खांदा धरला. आधी ती बोलून दाखवायची नाही, रात्री तेल चोळून झोपायची. मग एका सकाळी आरशासमोर उभी राहून म्हणाली, "अवो, हात वर जाणा नाय." म्युनिसिपालिटीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी हात धरून वर न्यायला बघितला तर ही कळवळली. "हे काम बंद करा. नाहीतर हात असाच राहील," बाई म्हणाल्या. आम्ही दोघांनी माना डोलावल्या आणि तिथून थेट गाळ्यावर गेलो. आठवडाभर ऑर्डर थांबली होती. ती डाव्या हाताने ढवळायला लागली, उजवा नुसता वल्ह्यावर ठेवायची.

तिचा अंबाडा मी घालायला शिकलो. पहिले काही दिवस तो दुपारपर्यंत सुटायचा. मग माझ्या बोटांना वळण लागलं. दर सकाळी ती पाठमोरी बसून खांद्यावरून कंगवा माझ्या हातात द्यायची.

करातल्या त्या सवलतीसाठी दर वर्षी एक फॉर्म भरावा लागायचा. फॉर्म भरणं हा माझा अभिमानाचा विषय. गिरणीत निम्म्या खात्याचे अर्ज मी लिहून द्यायचो, माझं अक्षर बघून साहेबसुद्धा विचारायचे, कोणी लिहिलंय. त्या वर्षी फॉर्मात एक नवा रकाना होता, उत्पादनासाठी पाणी कुठून घेता. मी पेन सरसावून बसलो. बायको वड्या रचत होती. ती म्हणाली, "नळाचा म्हणान लिवा. पुरे."

"तुला काय कळतंय त्यातलं," मी म्हणालो.

आणि वळणदार अक्षरात लिहिलं, 'इमारतीच्या गच्चीवरील टाकीतून. टाकी विजेच्या पंपाने भरली जाते. पाण्याची अडचण नाही.' त्यातल्या शेवटच्या वाक्यावर मी फार खूश होतो. आधीच्या वर्षी एकाचा अर्ज पाण्याची सोय नाही म्हणून अडकला होता. आपला अडकू नये, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

दोन-तीन महिन्यांनी इन्स्पेक्टर आला. तरुण मुलगा, बोलायला नम्र. त्याने पिंप बघितलं, वल्हं उचलून बघितलं, छताचा रिकामा हुक बघितला. "पंखा का काढलात?" मी कारण सांगितलं तर त्याला वाईट वाटलेलं दिसलं. मग तो नळापाशी गेला, नळ सोडला, बंद केला आणि पिशवीतून माझाच फॉर्म काढला.

"हे तुम्हीच लिहिलंय ना?"

"हो."

"म्हणजे साबणात जाणारं पाणी विजेने वर चढतं."

मला आधी कळलंच नाही तो काय म्हणतोय. कळलं तेव्हा मी ओरडलो. पंप माझा नाही, अख्ख्या इमारतीचा आहे, तेच पाणी बटणवाला पितो, तेच संडासात जातं. त्याने सगळं ऐकून घेतलं. "मला समजतंय हो. पण नियमात वीज म्हणजे वीज. कुठल्याही पायरीवर. तुम्ही लिहिलंच नसतं तर मी नळाचं पाणी म्हणून पुढे गेलो असतो." एवढं बोलून त्याने अहवाल लिहायला घेतला. त्याचा कागद लिहून होईपर्यंत बायको ढवळतच होती, कारण घाणा अर्ध्यावर होता.

पत्र आलं. सूट रद्द, आणि मागच्या वर्षांचीही परत भरा. मी अर्ज केले, अर्जावर अर्ज केले, तेच सुंदर अक्षर. शेवटी मोठ्या साहेबांनी भेटीची वेळ दिली. आणि मी काय करावं? बायकोला बरोबर घेऊन गेलो. मला वाटलं, याहून मोठा पुरावा कुठला असणार.

साहेबांच्या टेबलासमोर मी पंपाचं सांगितलं, टाकीचं सांगितलं, त्यांची मान हलेना. मग मी तिला म्हणालो, "हात वर करून दाखव साहेबांना."

ती माझ्याकडे बघायला लागली. "दाखव गं," मी पुन्हा म्हणालो. तिने पदर सावरला आणि उजवा हात वर न्यायला सुरुवात केली. तो खांद्याच्या अलीकडेच थांबला आणि थरथरायला लागला. तिने तो तसाच धरून ठेवला, कारण मी खाली घे म्हणालो नव्हतो.

"मोटार असती तर हे झालं असतं का, साहेब?" मी म्हणालो.

साहेबांनी नजर फाइलमध्ये घातली. "त्यांना कशाला आणलंत? बसवा त्यांना, पाणी द्या." मग म्हणाले, "हा दवाखान्याचा विषय आहे. माझ्यासमोर विषय पंपाचा आहे." पुढच्या वर्षी विहिरीचं पाणी हाताने ओढून आणा, नव्याने अर्ज करा, तेव्हा बघू, असंही ते म्हणाले. ते वाईट माणूस नव्हते. त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच म्हणालो असतो, आणि याचाच मला जास्त संताप येत होता. मी तिला हात खाली घ्यायला सांगितलं. इतकी लाज मला गिरणीच्या बंद दारासमोर बसलो होतो तेव्हाही वाटली नव्हती.

गाळ्यावर आल्यावर मी कुलूप काढलं, आत वड्यांची रास होती. नव्या भावाने ती कोणी घेणार नाही, हे मला माहीत होतं. ती पिंपाच्या कडेला टेकली आणि म्हणाली, "म्हणजे सरकाराच्या लेखी आपलो साबण विजेवरचोच?"

"होय."

"पयल्यापासून?"

"पहिल्यापासून."

मग अगदी साधेपणाने, जसं काही सहज आठवलं म्हणून विचारावं तसं तिने विचारलं, "मगे मोटार कित्याक नाय आणली?"

मी पोटमाळ्यावर चढलो, चादर सोडली, पंख्यावरची धूळ पुसली. शेजाऱ्याला हाक मारून दोघांनी मिळून तो हुकाला टांगला, वायर जोडली. बटण दाबल्यावर पंखा जरा कुरकुरला आणि फिरायला लागला. ती उलट्या ठेवलेल्या साबणाच्या साच्यावर त्याच्याखाली येऊन बसली. अंबाडा सुटला होता, तो बांधायला तिचा हात सवयीने उचलला गेला आणि अर्ध्यावरून परत मांडीवर आला.

"बरा वाटता," ती म्हणाली.